रांगेतले यमदूत

आई हसली, आणि मला आधी राग आला. मार्चमधला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मी गॅलरीत उभा राहून आमच्या बँडच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावलं, तर फोनमधून आवाजच येईना. फोन त्याच्या सवयीनं स्वयंपाकघरातल्या लहान स्पीकरला जोडला गेला होता. तो स्पीकर मी आईला हरिपाठ ऐकायला आणून दिला होता. त्यामुळं माझा आवाज, म्हणजे बँडमध्ये मी काढतो तो, घशाच्या तळातून खरवडून काढलेला, मिसळणाच्या डब्याशेजारून एकदम बाहेर पडला. मी धावत आत गेलो. आईला आता काहीतरी होणार, ती घाबरणार, भाजून घेणार, असं वाटलं होतं. तव्यावर पोळी करपत होती आणि आई ओट्याला टेकून, हातात उलथनं धरून, हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी गाळत. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ती फरशीवर बसलीच. मी स्पीकर बंद केला. ती म्हणाली, "असू दे की रे," आणि पुन्हा हसायला लागली. ते गाणं मी बाबा गेले त्या वर्षी लिहिलं होतं. त्याचं नाव 'तहान'. त्यात मृत्यू होता, कोरडी विहीर होती, माणसाच्या तोंडात शेवटी घातलेल्या दोन थेंबांबद्दल चार ओळी होत्या. त्या ओळी म्हणताना तालमीत एकदा माझा घसा खरोखरच दाटून आला होता, आणि आमच्या ड्रमरनं तो आवाज चांगला आला म्हणून मला शाबासकी दिली होती. आणि आई त्याच ओळींवर हसत होती. मी पोळी उलटवली, गॅस बंद केला आणि फणफणत पुन्हा गॅलरीत आलो. खाली कोणीतरी रिकामं पिंप घरंगळत नेत होतं. तिथं उभा असताना माझ्या लक्षात आलं की आई हसली. दोन वर्षांनी.

दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असं झालंय त्यालाच कळेल. आई रडत बसली नव्हती. रडली असती तर मला काही करता आलं असतं. ती सगळं वेळेवर करत होती. पेन्शनचे कागद, बाबांच्या शर्टांची वाटणी, लोणची, बहिणीच्या सासरचं जाणं-येणं. फक्त तिच्यातलं काहीतरी झाकण लावून ठेवल्यासारखं झालं होतं. मी टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम लावून पाहिले. ती पाहायची, आणि संपल्यावर "बरे करतात बिचारे" म्हणायची. ऑफिसमधले विनोद घरी आणून सांगितले, तर ती विचारायची, "मग त्या माणसाचं पुढं काय झालं?" एकदा मी मुद्दाम केळ्याच्या सालीवरून घसरलो. एकतीस वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात केळ्याची साल टाकून तिच्यावरून घसरतो, याच्यात हसण्यासारखं भरपूर आहे असं माझं मत होतं. आईनं आयोडेक्स आणून दिलं. आणि आता जिथं मी हसवायचा प्रयत्न केला नव्हता, जिथं मी आयुष्यात सगळ्यात गंभीर होतो, तिथं ती फरशीवर बसून हसली. मला आनंद झाला, खरं सांगतो, इतका झाला की मी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आणि त्या आनंदाच्या आत अपमान बसला होता, दातात अडकलेल्या सुपारीसारखा, जीभ सारखी तिकडंच जात होती.

मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात दावे तपासतो. तिथं माझा आवाज कोणाला ऐकू जात नाही. काउंटरपलीकडची माणसं वाकतात, कानाला हात लावतात, "साहेब, जरा मोठ्यानं," म्हणतात. शाळेत हजेरी देताना मास्तरांनी मला कितीतरी वेळा गैरहजर धरलं आहे. आणि तोच मी, आठवड्यातून दोन संध्याकाळी, औरंगपुऱ्यात एका बियाणांच्या दुकानामागच्या खोलीत उभा राहतो आणि असा आवाज काढतो की पत्र्यावरची कबुतरं उडतात. बँडचं नाव 'अंधारी'. देवगिरी किल्ल्यात जो काळोखा भुयारी जिना आहे, त्याच्यावरून घेतलेलं. ऋतुराज गिटार वाजवतो. तो पैठणकडचा, वाळूजला कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि ते दुकान त्याच्या काकाचं. मंदार ड्रम वाजवतो, बाकी वेळ कॉलेजात गणित शिकवतो. बेस वाजवणारा आमच्याकडं टिकत नाही. सहा वर्षांत आमचे सात कार्यक्रम झाले, त्यातल्या दोनांत मधेच वीज गेली आणि एकात आम्हांला गोंधळी समजून कोणी हळद-कुंकू लावलं. पण मला त्याचं काही वाटायचं नाही. मला एवढंच हवं होतं की जगात एक जागा असावी जिथं मी हसण्यावारी जाणार नाही. ऋतुराज दोन वर्षांपासून म्हणत होता की एक विनोदी व्हिडिओ करू, स्वस्तातला, लोक बघतील तरी. आणि मी दोन वर्षं नाही म्हणत होतो. मृत्यूची चेष्टा करायची नाही, असं मी म्हणायचो. खरं म्हणजे मृत्यूचं मला एवढं काही नव्हतं. चेष्टा माझी व्हायची, त्याची भीती होती.

त्या रविवारी संध्याकाळी मी ऋतुराजला सांगितलं, "करू या तुझा व्हिडिओ." तो गिटारची तार बदलत होता. त्या वर्षी बियाणांचं दुकान दुपारीच बंद व्हायचं, कोणी फिरकत नव्हतं, त्यामुळं आम्हांला तालमीला वेळच वेळ होता. जायकवाडी तळाला गेलं होतं, लातूरला पाणी रेल्वेनं न्यायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढतच होतं. सातारा परिसरात, बीड बायपासला, जिथं बघावं तिथं नव्या इमारती, आणि प्रत्येक इमारतीखाली एक टँकर उभा. "हिम्या, तुला बरं नाय का?" ऋतुराज म्हणाला. मी त्याला आईचं सांगितलं. तो हसला नाही. तार ओढत म्हणाला, "काकू हसल्या?"

"खाली बसून हसली."

"मंग विषय संपला. आपण काकूंसाठी करायलोत. बाकीचे बघायलेत का नाय, ते मरू दे." मग त्यानं त्याच्या डोक्यात दोन वर्षं तयार असलेली गोष्ट सांगितली. यमदूत एका माणसाचा प्राण न्यायला येतात. माणूस म्हणतो, आज आमच्या गल्लीत पाणी आहे, आज कसं येऊ, उद्या या. उद्या येतात तर पाणी आलेलंच नसतं. यमदूत वाट बघत बसतात, त्यांनाही तहान लागते, आणि शेवटी तेच हंडे घेऊन रांगेत उभे राहतात. गाणं तेच, 'तहान', एक अक्षर बदलायचं नाही. मंदार म्हणाला, "गाण्याला साजेसंच आहे."  मी हो म्हणालो.

माझ्या मनात हिशेब अगदी सरळ होता. नुसत्या आवाजावर आई एवढी हसली, तर तोंडाला रंग फासलेला मुलगा हंडा घेऊन रांगेत उभा दिसल्यावर किती हसेल. मी तिला हसवणार होतो. त्यापुढं मी हास्यास्पद झालो तरी चालणार होतं. पण 'चालणार होतं' असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा बजावत होतो, यावरूनच काय ते समजावं. गाडी चालवताना, उस्मानपुऱ्याच्या चौकात सिग्नलला थांबलो असताना, मला दिसायचं की आई हसते आहे, शेजारी हसताहेत, ऑफिसातले हसताहेत, आणि मी मधे उभा राहून बाबांच्या तोंडात घातलेल्या पाण्याबद्दल गातो आहे. बाबा गेले त्या वेळी त्यांच्या ओठांतून ते पाणी परत बाहेर आलं होतं. आईनं ते तिच्या बोटानं पुसलं होतं. हे व्हिडिओत नव्हतं, गाण्यातही नव्हतं, फक्त माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला की जायचं.

आईला मी एवढंच सांगितलं की गच्चीवर शूटिंग आहे आणि भांडी लागतील, गल्लीतली सगळी, रिकामी. शेवटच्या दृश्यात आम्ही गच्चीवर वाजवणार आणि आमच्याभोवती शंभर-सव्वाशे कोरडी भांडी, अशी ऋतुराजची कल्पना. आमच्या गल्लीत तेव्हा पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. चौथ्या दिवशी सगळी भांडी रिकामी असतातच, त्यामुळं रविवार ठरला. पाणी सोमवारी. मी आणि मंदार भांडी मागायला गेलो तर कोणी दारातही उभं करेना. रिकामं असलं तरी पिंप त्या वर्षी कोणी हातातून सोडत नव्हतं. शेवटी आई निघाली. मी तिच्या मागं. ती प्रत्येक दारात तेच सांगत होती, एखाद्या सरकारी कामासारखं, "हिमांशूचं एक काम आहे. पाणी उद्या. आज पाचला तुमचं भांडं तुमच्या दारात. माझा शब्द." पहिल्या मजल्यावरच्या वच्छलाबाई वैजापूरकडच्या, नवरा आप्पासाहेब शेतीवाडी मुलाकडं सोपवून इथं राहायला आलेला. त्यांनी निळं मोठं पिंप देताना विचारलं, "वयनी, हे पोरगं करायलंय काय नेमकं?"

"गाणं," आई म्हणाली.

"गाण्याला पिंप कशाला?"

"मला तरी कुठं कळतंय. पण लागतं म्हणतो." आणि तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. हसली नाही. प्रत्येक भांड्यावर नाव होतंच, नेलपॉलिशनं लिहिलेलं, आमच्याकडं तशी पद्धत आहे, नाहीतर टँकरवर भांडणं होतात. लाल, गुलाबी, जांभळ्या अक्षरांची ती सगळी भांडी आम्ही चार मजले वर चढवली. हंडे, कळश्या, पिंपं, रंगाचे डबे, बाळाला अंघोळ घालायचा टब. सकाळी नऊला गच्ची भरून गेली. इतकी भांडी आणि एकातही थेंब नाही. एखाद्या भांड्याला पाय लागला की ते सगळ्या गच्चीभर वाजायचं.

कॅमेरा ऋतुराजच्या चुलत बहिणीचा, प्रेरणाचा. ती एरवी लग्न ठरलेल्या जोडप्यांना मकबऱ्यासमोर हातात हात घालून पळायला लावते. तिनं आमच्या तोंडाला खोबरेल तेलात कालवलेली पावडर फासली आणि डोळ्यांभोवती काजळ ओढलं. एप्रिलचं ऊन. दहा मिनिटांत काजळ गालावर उतरलं. ऋतुराजनं गादीतला कापूस काढून शिंगं केली होती, ती एका बाजूला कलंडली. "मस्त दिसायलेत," प्रेरणा म्हणाली, "जरा दुःखी व्हा." आईचंही काम होतं. यमदूतांना रांगेत मागं ढकलणारी बाई. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिनं विचारलं, "नंबर सोडून घुसले म्हणून ढकलायचं का?" मी हो म्हणालो. तिनं कमरेला पदर खोचला, ऋतुराजच्या छातीवर हात ठेवून त्याला असं ढकललं की तो मागच्या टबात बसला. मंदार हसला, प्रेरणाचा कॅमेरा हलला, शेजारच्या बुटक्या इमारतीच्या गच्चीवरच्या बायका हसल्या. मी आईकडं बघत होतो. ती टबातून ऋतुराजला हात देऊन उठवत होती. "लागलं का रे?" तोंडावर काही नाही. मग मी गायलो. प्रेरणानं कॅमेरा तिकाटण्यावर लावला, मंदारनं दणका दिला, आणि मी त्या भांड्यांच्या मधोमध, शिंगं लावून, हंडा कमरेवर घेऊन, बाबांचं गाणं ओरडलो. तीन वेळा. प्रत्येक वेळी एक डोळा आईवर. ती टाकीच्या सावलीत स्टुलावर बसून ऐकत होती. तिसऱ्या वेळी तिनं घड्याळ पाहिलं. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण तोंडावर इतकं काही फासलेलं होतं की लपवायला राहिलंच काय. मी सगळ्यांना हसवलं होतं आणि जिला हसवायचं होतं ती घड्याळ बघत होती. मग हे सगळं कशासाठी, असं म्हणून मी हंडा खाली ठेवला, आणि तेवढ्यात खालून फुसफुस ऐकू आली.

आमच्या गल्लीत नळ उघडेच ठेवतात आणि त्यांच्याखाली रिकामं ताट ठेवतात, म्हणजे पाणी आलं की कळतं. आधी हवा येते, मग नळ खोकतो, मग ताट वाजतं. ताटं वाजली. एक, मग पलीकडचं, मग सगळ्या गल्लीतली. एक दिवस आधी पाणी आलं होतं. का आलं, कसं आलं, कोणाला माहीत नाही, त्या वर्षी कोणी विचारतही नव्हतं. क्षणभर गच्चीवर कोणी हललं नाही. सगळ्या गल्लीची भांडी आमच्याभोवती, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, आणि पाणी खाली रस्त्यावर. मग वच्छलाबाईंचा आवाज आला. "वयनी! माझं पिंप!" आणि जिन्यावर पावलं. दहा-वीस बाया एकदम चढत होत्या, आणि वरून मंदार दोन हंडे घेऊन उतरत होता, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शिंगं लावलेला यमदूत आणि गल्लीतल्या बाया समोरासमोर अडकल्या. कोणाला वर जाता येईना, कोणाला खाली. पाऊण तासातली पाच मिनिटं अशीच गेली. आईचा चेहरा उतरला होता. तिनं दारोदार शब्द दिला होता. आता पुढचे पाच दिवस गल्लीत जिथं जिथं पाणी नसेल तिथं तिथं तिचं नाव निघणार होतं, माझ्या गाण्यासाठी. "बायांनो, साखळी करा, साखळी," ती म्हणत होती, पण त्या गलक्यात तिचं तिलाच ऐकू येत नसावं.

मी जिन्याच्या वळणावर भिंतीला चिकटून उभा होतो. मीही ओरडलो, "थांबा, जागेवर थांबा." नेहमीचा माझा आवाज. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि मग मी काही ठरवलं नाही, ठरवायला वेळच नव्हता. घसा सैल सोडला, पोटातून ढकललं आणि त्या दुसऱ्या आवाजात म्हणालो, "जागेवर थांबा." जिना गप्प झाला. पहिल्या मजल्यावर कोणाचं तरी मूल रडायचं थांबलं. "पायरीला एक माणूस. भांडं हातात येईल." भांडी वरून येऊ लागली. ऋतुराज गच्चीच्या दारात, मंदार त्याच्या खाली, मग प्रेरणा, मग मी, मग बाया, मग रस्ता. माझ्या हातात भांडं आलं की मी नेलपॉलिश वाचायचो आणि त्याच आवाजात नाव पुकारायचो. वच्छलाबाई, निळं पिंप. कुलकर्णी, दोन कळश्या. शेख, पांढरा डबा. शेवटच्या माणसाच्या नरकयातना सांगायला मी जो आवाज सहा वर्षं घडवला होता, तो रस्त्याच्या टोकापर्यंत लख्ख पोचत होता, आणि टोकावरून उत्तर येत होतं, "हौ, शेख इधर, भेज दो." पाणी ओढणाऱ्या मोटारींचा आवाज, पाण्याचा आवाज, सगळ्यांवरून. माझं नाव कोणी विचारलं नाही, तोंडाला काय लावलंय हेही विचारलं नाही. एका आजीनं माझ्या हातून हंडा घेताना म्हटलं, "शिंग सांभाळ बाबा, डोळ्यात जायलंय." मी ते काढून खिशात घातलं. पाणी गेलं तेव्हा गल्लीत एकही भांडं रिकामं नव्हतं. आई खाली नळाशी भिजून चिंब उभी होती आणि वच्छलाबाई तिला सांगत होत्या, "वयनी, पोरगं नरड्याचं पक्कं आहे."

दुपारी आमच्या घरी पिठलं-भात झाला. प्रेरणा जेवताना एकदम उठली आणि गच्चीवर गेली. कॅमेरा तिकाटण्यावर तसाच चालू राहिला होता. ती तो घेऊन आली आणि आम्ही त्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर डोकी जुळवून पाहिलं. आमच्याशिवायची गच्ची. मधे ड्रम, भोवती सव्वाशे भांडी, ऊन. मग एक यमदूत येतो, दोन हंडे उचलतो, जातो. दुसरा येतो, टब डोक्यावर घेतो. भांडी एकेक करून कमी होतात. आणि खालून, दिसत नाही अशा कोणाचा तरी पाताळातला आवाज येतो, "कुलकर्णी, दोन कळश्या." शेवटी गच्चीवर काहीच राहत नाही, फक्त ड्रम आणि भांड्यांच्या बुडांचे गोल ठसे. ऋतुराज हसून हसून भिंतीला टेकला. मंदारच्या ताटात पिठलं सांडलं. "हाच व्हिडिओ," प्रेरणा म्हणाली, "आता काय बी करायचं नाय." मीही हसलो. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही सापडेना, सवयीनं शोधलं तरी. आईनं पाहिलं, "चांगलं आलंय," म्हणाली आणि ऋतुराजला भात वाढला.

चार वाजता ते सगळे गेले. आई मोरीत बसून रंगाचे डाग पडलेली माझी बनियन घासत होती, बादलीतलं पाणी वाटी-वाटीनं घेत. मी दारात उभा राहिलो. मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही. "त्या रविवारी तू का हसलीस?"

तिनं मान वर केली नाही. "कधी?"

"माझं गाणं लागलं तेव्हा. फरशीवर बसलीस. मी सगळं त्याच्यासाठी केलं, तू हसावंस म्हणून. आणि आज तू घड्याळ बघत होतीस."

"अरे, नळाच्या काळजीनं बघत होते. भांडी लोकांची." मग तिनं बनियन पिळली आणि हातात तशीच धरून ठेवली. "गाण्याला नाही हसले मी. गाणं मला कळलंच नाही. एकदम आवाज आला ना मागून, मला वाटलं हे आलेत मोरीत. रोज सकाळी उठल्या उठल्या खाकरायचे ना, दात घासताना, दोन बोटं घशात घालून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं. चौतीस वर्षं मी ह्यांना बोलले. अहो हळू, लोक काय म्हणतील, पाहुणे आलेत. ऐकलं का कधी? आणि गेल्यावर किती दिवस मला सकाळी जाग यायची आणि मी पडून राहायचे. वाट बघत. आता खाकरतील, आता खाकरतील. आणि मग तू तो स्पीकर लावलास. म्हटलं, आले. दोन वर्षांनी आले, आणि येऊन पहिलं काम काय, तर हेच." तिचे ओठ हलले. "हसू नको तर काय करू?"

 मी सहा वर्षं परदेशातल्या लोकांची रेकॉर्डिंगं ऐकून, आरशासमोर घसा धरून, तो आवाज शिकलो असं मला वाटत होतं. आणि तो रोज सकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू येत होता, डोक्यावरून पांघरूण ओढून घेत मी ऐकत होतो, बाबांची मला लाज वाटायची. मला रडायला आलं आणि मी ते येऊ दिलं. आई उठली, पदरानं माझ्या गालावरचं उरलेलं काजळ पुसलं आणि मोरीतून बाजूला झाली. "कर ना एकदा," ती म्हणाली. "इथं उभा राहून."

मी मोरीत उभा राहिलो. बाबा राहायचे तसा, एक हात भिंतीवर, मान खाली. घसा सैल सोडला आणि खाकरलो. शब्द नाहीत, गाणं नाही, नुसतं खाकरणं. भांडी ठेवायची फळी थरथरली. मोरीच्या खिडकीतून आवाज खाली गेला, आणि खिडकीतूनच, दोन मजले खालून, झोपेतून उठल्यासारखा आप्पासाहेबांचा आवाज वर आला. "मुकुंदराव, आज उशीर केलात."

बाबांचं नाव.  आई खिडकीशी गेली. "मी आहे, आप्पासाहेब. आवाज हिमांशूचा होता."

"मुकुंदराव नाहीत?"

"नाहीत."

खाली पलंग करकरला. वच्छलाबाई काहीतरी हळू बोलल्या, त्यावर ते म्हणाले, "हां हां, ठाव हाय मला. गेले."  आई खिडकी सोडणार, तेवढ्यात ते पुन्हा बोलले, जरा मोठ्यानं, तक्रार केल्यासारखं. "मंग त्याला सांगा वयनी, रोज करत जा म्हणा. दोन वरसं झाली, सकाळ कवा व्हायली तेच कळंना मला."

आई खिडकीची कडी धरून हसायला लागली. हसता हसता मोरीच्या ओल्या कट्ट्यावर बसली. मी ओल्या हातानं फोन उघडला आणि सकाळी साडेपाचचा गजर लावला.